आधी चाक, मग गिअर, शेवटी मोटार
वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती करणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी



शाळा-कॉलेजांची विज्ञान प्रदर्शने जवळ आली, की सभासदांची आणि कामगारांची मुले वर्कशॉपकडे फेऱ्या मारू लागतात. कुणाला पवनचक्की करायची असते, कुणाला ठिबकचा नमुना. पण सगळ्यांत हौसेचा विषय म्हणजे वाफेचे रेल्वे इंजिन. पत्रा कापून बॉयलर होतो, पाइपचे धुराडे होते, रंगसुद्धा झकास होतो. मग प्रश्न येतो, "काका, मोटार कोणती घेऊ?"

हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारलेला आहे. बाजारात जाऊन आधी मोटार आणायची आणि मग ती इंजिनात कशीबशी बसवायची, असे केले की दोनच गोष्टी होतात. एकतर इंजिन फटाक्यासारखे सुटते आणि पहिल्याच वळणावर रुळाखाली जाते. नाहीतर जागचे हलत नाही, मोटार गुरगुरते, तापते आणि वास सुटतो. पैसे तर जातातच, पण पोरगं म्हणतं, "मला नाही जमत हे." आमच्या मते ते नुकसान मोटारीपेक्षा मोठे आहे. कारण यात न जमण्यासारखे काही नाही. सातवी-आठवीचा गुणाकार-भागाकार येत असला तर सगळे जमते. फक्त क्रम बरोबर पाहिजे : आधी चाक, मग गिअर, शेवटी मोटार.

हाच क्रम आपल्या मिल हाऊसमध्ये आहे आणि तोच आपल्या विहिरीवरही लागू पडतो. म्हणून हा लेख मुलांसाठी असला तरी थोरांनीही वाचावा, ही विनंती.

वाफेचे इंजिन लबाडी लपवू शकत नाही

डिझेल किंवा विजेच्या इंजिनाची प्रतिकृती केली तर चाके खाली झाकलेली असतात. ती किती वेगाने फिरतात हे बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. वाफेच्या इंजिनाचे तसे नाही. त्याची मोठी चाके उघडी, त्यांना जोडणारे साइड रॉड उघडे, आणि सिलिंडरातून मागेपुढे होणारा कनेक्टिंग रॉडही उघडा. लोक बॉयलरकडे बघत नाहीत, रॉडकडे बघतात. रॉड शिवणयंत्राच्या सुईसारखा थरथरू लागला, की कितीही सुंदर केलेले इंजिन खेळणे वाटते. तोच रॉड सावकाश, भारदस्त चालीने वर-खाली गेला, की साध्या पत्र्याचे इंजिनही खरे वाटते.

आवाजाचेही तसेच आहे. दोन सिलिंडरांच्या इंजिनात पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी वाफ येते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा धुराड्यातून "छुक" असा आवाज निघतो. स्टेशनातून निघताना चाक मिनिटाला तीस फेरे करत असेल तर सेकंदाला दोन छुक. जुन्या माणसांच्या कानात जी लय आहे ती ही. म्हणजे इंजिनाची सगळी ऐट चाकाच्या फेऱ्यांवर आहे, आणि हिशोब तिथूनच सुरू करायचा.

एक सोपी आणि उपयोगी गोष्ट

मुले विचारतात, "खरे इंजिन एवढे मोठे, आपले एवढेसे. मग चाकाचे फेरे किती पट कमी-जास्त करायचे?" उत्तर आहे : काहीच नाही. वेग ज्या प्रमाणात लहान केला त्याच प्रमाणात चाकही लहान केलेले असते. एक विसांश प्रमाणाचे इंजिन केले, तर त्याने एका सेकंदात खऱ्याच्या एक विसांश अंतर जायचे. आणि त्याच्या चाकाचा घेरही खऱ्याच्या एक विसांश. भागाकार केला की प्रमाण दोन्हीकडून कटते. खऱ्या चाकाचे मिनिटाला जेवढे फेरे, तेवढेच प्रतिकृतीच्या चाकाचे. मग ती टेबलावर मावणारी असो की अंगणात धावणारी.

त्यामुळे हिशोब खऱ्या इंजिनावरच करता येतो. सूत्र असे :

मिनिटाला फेरे = ५.३ × वेग (ताशी किलोमीटर) ÷ चाकाचा व्यास (मीटर)

हा ५.३ आकडा कुठून आला? तासाचे मिनिट करायला १,००० ला ६० ने भागले आणि घेरासाठी ३.१४ ने भागले, एवढेच. आता काही इंजिने घेऊन बघू.

बार्शी लाइटसारख्या अडीच फुटी मार्गावरचे छोटे इंजिन, चाक ०.७६ मीटर धरू, वेग ताशी २५ : १७४ फेरे.
मीटरगेजचे मालगाडीचे वायजी इंजिन, चाक १.२२ मीटर, वेग ताशी ६० : २६१ फेरे.
ब्रॉडगेजचे मालगाडीचे डब्ल्यूजी इंजिन, चाक १.५६ मीटर, वेग ताशी ६५ : २२१ फेरे.
ब्रॉडगेजचे मेल गाडीचे डब्ल्यूपी इंजिन, चाक १.७० मीटर, वेग ताशी १०० : ३१२ फेरे.

यातले डब्ल्यूजी हे चित्तरंजन कारखान्याचे पहिले इंजिन. १९५० साली तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या इंजिनाला "देशबंधू" नाव दिले होते. डब्ल्यूपी म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखे तोंड असलेले, १९४७ पासून आपल्या देशात धावू लागलेले इंजिन. वयस्क सभासदांना ते आठवत असेल.

आता जगातले सगळ्यांत वेगवान वाफेचे इंजिन बघा. इंग्लंडच्या "मॅलार्ड" इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला. त्याची चाके सहा फूट आठ इंची, म्हणजे २.०३ मीटरची. सूत्रात घाला : सुमारे ५३० फेरे. विक्रम करतानासुद्धा चाकाचे फेरे एवढेच! थोडक्यात, कोणतेही नेहमीचे वाफेचे इंजिन करा, त्याचे चाक मिनिटाला दीडशे ते सव्वातीनशे फेऱ्यांच्या दरम्यान हवे. ही संख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मोटारीचा स्वभाव

छोट्या डीसी मोटारीचा स्वभाव बरोबर उलटा असतो. खेळण्यांतल्या किंवा मॉडेलसाठी मिळणाऱ्या मोटारी रिकाम्या फिरवल्या तर मिनिटाला आठ-दहा हजार फेरे सहज करतात, काही बारा-पंधरा हजारही. म्हणजे हिच्याकडे वेग भरपूर, पण फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो अगदी थोडा. चिमटीत धरली तर थांबते.

समजा अशी मोटार भाराखाली ९,००० फेरे करते आणि कुणी ती गिअरशिवाय थेट ३८ मिलिमीटरच्या चाकाला जोडली. चाकाचा घेर सुमारे १२ सेंटिमीटर. सेकंदाला १५० फेरे म्हणजे सेकंदाला १८ मीटर. एक विसांश प्रमाण असल्यामुळे खऱ्या इंजिनाच्या हिशोबाने हा वेग होतो ताशी जवळजवळ १,३०० किलोमीटर. आवाज हवेतून ताशी सुमारे १,२३५ किलोमीटरने जातो. म्हणजे आपली बार्शी लाइट आवाजाच्याही पुढे! अर्थात असे होत नाही. मोटारीत तेवढा जोरच नसतो. ती जागेवर अडकते आणि जळते.

का जळते तेही समजून घ्या. मोटार फिरत असताना तिच्या गुंडाळीत उलट दाब तयार होतो आणि तो करंटला आवर घालतो. मोटार अडकली की हा आवर जातो. नेहमीच्या कित्येक पट करंट आत घुसतो, आणि काम काहीच होत नसल्यामुळे त्या सगळ्याची उष्णता होते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. म्हणून अडकलेली मोटार थोड्या वेळातच वास मारते. मोटार फिरती राहिली पाहिजे, आणि चांगल्या चालीत फिरती राहिली पाहिजे. रिकाम्या वेगाच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश चालीत ती समाधानी असते. रिकामी १२,००० करणारी मोटार भाराखाली ८,००० ते ९,००० धरावी.

गिअरचे प्रमाण काढणे

आता दोन्ही आकडे हातात आले. खाली चाक, वर मोटार. मधली दरी म्हणजे गिअर.

गिअरचे प्रमाण = भाराखालचे मोटारीचे फेरे ÷ चाकाचे फेरे

९,००० फेऱ्यांची मोटार धरली, तर अडीच फुटी मार्गाच्या इंजिनाला ९,००० ÷ १७४ = सुमारे ५२. वायजीला ९,००० ÷ २६१ = सुमारे ३४. डब्ल्यूपीला ९,००० ÷ ३१२ = सुमारे २९. इंग्लंडमध्ये हौशी लोक कित्येक वर्षे रॉमफर्ड नावाचे ३० आणि ४० प्रमाणाचे गिअर वापरत आले, ते उगाच नाही. हिशोब तिथेच येतो.

नेमके प्रमाण मिळाले नाही तर कोणत्या बाजूला झुकायचे? आमचा सल्ला : मोठ्या आकड्याकडे. ३४ हवे आणि ३० व ४० मिळत असतील तर ४० घ्या. थोडे सावकाश चालले तर कुणी हसत नाही. शिवाय इंजिन सुटताना झटका देत नाही आणि मोटारीवर ताण कमी येतो. छोट्या मोटारीत तीनच ध्रुव असले तर ती कमी वेगात अडखळत फिरते. गिअर मोठा असला की हे अडखळणे चाकापर्यंत जाणवत नाही.

गिअरने जोर वाढतो, वेग कमी होतो. एकाच्या बदल्यात दुसरे, फुकट काही नाही. आपल्या गुऱ्हाळाचा चरक आठवा. इंजिन पट्ट्यावर भराभर फिरते, पण रोलर मात्र मोठ्या चक्रामुळे सावकाश फिरतो आणि म्हणून कांडे चेपतो. कारखान्याची मिल हा त्याच चरकाचा थोरला भाऊ. मिलचा रोलर मिनिटाला चार-पाच फेऱ्यांच्या आसपास फिरतो, आणि जुन्या पद्धतीत त्याला चालवणारा टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे करतो. मध्ये गिअरबॉक्स आणि त्यापुढे माणसापेक्षा उंच उघडी दातेरी चक्रे. अलीकडे बऱ्याच कारखान्यांत टर्बाइनच्या जागी विजेच्या मोटारी आणि प्लॅनेटरी गिअरबॉक्स आले, तरी हिशोब तोच राहिला : रोलर किती फिरायला हवा ते आधी ठरते. साखर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगलला मात्र उलट हजार-हजार फेरे लागतात, म्हणून तिथे एवढी उतरंड लागत नाही. काम बघून वेग, वेग बघून गिअर.

वर्म की साधे दाते?

पन्नासपट वेग कमी करायचा तर दोन वाटा आहेत.

पहिली वाट वर्मची. वर्म म्हणजे मोटारीच्या दांड्यावर बसणारा स्क्रू आणि त्याच्याखाली फिरणारे दातेरी चक्र. स्क्रूला एकच आटा असेल तर स्क्रूच्या एका फेऱ्यात चक्राचा एक दाता पुढे जातो. म्हणून ४० दात्यांचे चक्र म्हणजे सरळ ४० प्रमाण. दोन आट्यांचा स्क्रू असेल तर त्याच्या निम्मे, २०. थोड्या जागेत मोठी घट मिळते, हा वर्मचा फायदा. बॉयलरच्या पोटात तो बसतो.

तोटे तीन आहेत. एक, घर्षणात निम्मा जोर जातो. दोन, वर्म मोटारीचा दांडा मागेपुढे ढकलतो, म्हणून दांड्याच्या टोकाशी वॉशर घालून खेळ कमी करावा लागतो. तीन, चाकाकडून मोटार फिरवता येत नाही. म्हणून इंजिन हाताने ढकलू नका, आणि करंट तोडला की ते जागीच थबकेल हे ध्यानात ठेवा. सावकाश थांबायला हवे असेल तर छोटे फ्लायव्हील मोटारीच्या दांड्यावर बसवावे. चाकाच्या बाजूला बसवून उपयोग नाही.

दुसरी वाट साध्या सरळ दात्यांच्या गिअरची. एका जोडीत जोर फारसा वाया जात नाही, शंभरातले पंचाण्णव पोचतात. पण एका जोडीत तीन-चारपटच घट सोयीची, म्हणून तीन जोड्या लागतात. इथे मुलांचा नेहमीचा गोंधळ होतो. जोड्यांची घट मिळवायची नाही, गुणायची. ४, ४ आणि ३ अशा तीन जोड्या म्हणजे ११ नव्हे, ४८. आणि दोन चक्रांच्या मध्ये तिसरे चक्र नुसतेच घातले, तर त्याने प्रमाण बदलत नाही, फक्त फिरण्याची दिशा बदलते. प्रमाण बदलायचे तर मधल्या दांड्यावर एक मोठे आणि एक छोटे अशी दोन चक्रे एकत्र बसायला हवीत.

मधली वाटही चांगली : २० चा वर्म आणि पुढे अडीचपट साधी जोडी, मिळून ५०. दाते एकमेकांत घट्ट रुतवू नका. वहीचा पातळ कागद मध्ये घालून चक्रे जुळवा आणि मग कागद काढून घ्या. तेवढी फट पुरे. स्टीलचा वर्म आणि पितळी चक्र ही जोडी टिकते. ग्रीस थोडेच लावा.

आजकाल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गिअरबॉक्स जोडलेल्याच बोटाएवढ्या मोटारी मिळतात. त्यांना एन-ट्वेंटी म्हणतात. त्यांच्यावर १००, २००, ३०० असे शेवटच्या दांड्याचे फेरे लिहिलेले असतात. वरचा हिशोब केलेल्या मुलाला त्यातली कोणती घ्यावी ते दुकानदाराला विचारावे लागणार नाही. लिहिलेले फेरे रिकाम्या चालीचे असतात, भाराखाली ते कमी होतात. म्हणून १७४ हवे असतील तर २०० ची, २६१ हवे असतील तर ३०० ची. मात्र ही मोटार हलक्या मॉडेलसाठीच. दोन-अडीच किलोच्या इंजिनाला तिचे बारीक दाते पुरत नाहीत.

जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार घरात असतेच, ती चालेल का? ती गुणाची असते, आवाज करत नाही, फेरेही कमी, मिनिटाला दोन-अडीच हजारच. पण बऱ्याच मोटारींच्या पोटात वेग कायम ठेवणारी सर्किट असते. आपण व्होल्टेज कमी-जास्त केले तरी वेग बदलत नाही. गाडी हळूहळू सुटावी, हळूहळू थांबावी असे वाटत असेल तर ती टाळावी.

जोर किती लागेल?

आता शेवटचा हिशोब. इंजिनाची ओढ मोटारीवर नाही, चाकावर पडणाऱ्या वजनावर अवलंबून असते. चालक चाकांवर जेवढे वजन, त्याच्या साधारण एक पंचमांश ओढ मिळते. त्यापुढे चाके रुळावर घसरतात. खऱ्या इंजिनाचेही असेच होते. पावसात चाके घसरू लागली, की ड्रायव्हर रुळावर वाळू सोडत असे.

आपले एक विसांश इंजिन घेऊ. चाकांवर वजन २ किलो. ओढ ४०० ग्रॅम. चाकाची त्रिज्या १.९ सेंटिमीटर. तेव्हा चाकाला लागणारा जोर ४०० × १.९ = ७६० ग्रॅम-सेंटिमीटर. गिअर ५२ चा आणि वर्ममध्ये निम्मा जोर जाणार, म्हणून ७६० ला २६ ने भागा. मोटारीकडून हवेत २९ ग्रॅम-सेंटिमीटर, आणि तेही ९,००० फेऱ्यांवर. हे काम होते सुमारे पावणेतीन वॅटचे. मोटार स्वतः साधारण निम्मी वीज उष्णतेत घालवते, म्हणून साडेपाच वॅट धरा. १२ व्होल्टवर जवळजवळ अर्धा अँपिअर. दुकानात आता "मोठी मोटार द्या" असे मोघम सांगायचे नाही. "१२ व्होल्ट, भाराखाली ९,००० फेरे, अर्धा अँपिअर सतत सोसणारी" असे सांगायचे. दुकानदारही नीट उत्तर देईल.

एक कसोटी कायमची लक्षात ठेवा. इंजिन रुळावर धरून ठेवा आणि हळूहळू करंट द्या. चाके जागच्या जागी घसरत फिरली पाहिजेत. चाके घसरली म्हणजे मोटार सुरक्षित, कारण ती फिरते आहे. चाके अडकून मोटार थांबली, तर गिअर कमी पडतो किंवा वजन जास्त झाले. घसरणारे चाक हा मोटारीचा फुकटचा फ्यूज आहे. जास्त ओढ हवी म्हणून बॉयलरमध्ये शिसे भरत सुटणाऱ्यांनी हे विसरू नये. ते आपल्याच हाताने हा फ्यूज काढून टाकतात.

विहिरीवरचा हिशोब

आता थोरांसाठी दोन शब्द. पट्ट्यावर चालणारा पंप आहे, पाणी कमी वाटते, म्हणून काहीजण मोटारीची पुली मोठी करतात. पंप दहा टक्के जलद फिरतो आणि पाणी दहा टक्क्यांच्या आसपास वाढते. इथपर्यंत सगळे खूष. पण सेंट्रिफ्युगल पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. १.१ × १.१ × १.१ = १.३३. म्हणजे पाणी दहा टक्के जास्त, पण मोटारीवर भार तेहेतीस टक्के जास्त. मोटार आधीच पूर्ण भारावर असेल तर ती तापत जाते, आणि ऐन उन्हाळ्यात, लागणीला पाण्याची निकड असताना गुंडाळी जळते. मग मोटार उतरवा, रिवाइंडिंगला टाका, आठ दिवस पाणी बंद. खर्च तर वेगळाच.

पोराच्या इंजिनात जी चूक शे-दोनशे रुपयांत शिकता येते, तीच विहिरीवर हजारांत पडते. म्हणून मुलाने घरी कागदावर हा हिशोब मांडला, तर "खेळत बसलास काय" असे म्हणू नका. शेजारी बसा. उद्या तोच पोरगा पुली बदलण्याआधी तुम्हांला थांबवील.

कोणते इंजिन करावे?

डब्ल्यूपी दिसायला देखणे, पण पहिल्या प्रयत्नाला अवघड. मोठी चाके, मोठा वेग, लांब वळणे लागतात. आम्ही सुचवू ते बार्शी लाइटचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बांधलेला हा अडीच फुटी मार्ग १८९७ मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत सुरू झाला. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचला. कॅलथ्रॉपने ठरवले होते, की एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ चालतील आणि खर्च वाचेल. म्हणून त्याने आधी रूळ बघितले, रुळावरून भार ठरवला, आणि मग इंजिनाला आठ छोटी चालक चाके देऊन वजन वाटून टाकले. इंजिन निवडणे शेवटी आले. क्रम इथेही तोच.

छोटी चाके, कमी वेग, मोठा गिअर : नवशिक्याला याहून सोयीचे काही नाही. या मार्गाचे रुंदीकरण टप्प्याटप्प्याने होऊन २०१० च्या सुमारास मिरजेपर्यंतचे काम संपले आणि ती छोटी गाडी गेली. आषाढीला तिच्यातून, प्रसंगी तिच्या टपावरूनही, पंढरीला गेलेले कितीतरी वारकरी आपल्या सभासदांत आहेत. इंजिन कसे चालायचे हे मुलांनी त्यांनाच विचारावे. पुस्तकात वेग मिळेल, चाल त्यांच्याकडे मिळेल. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. पुण्याला जाणे झाले तर मुलांना तिथे जरूर न्यावे आणि रॉडकडे बघायला सांगावे.

मोटार विकत घेण्यापूर्वी एका कागदावर पाच आकडे लिहा : चाकाचा व्यास, खऱ्या इंजिनाचा वेग, चाकाचे फेरे, चालक चाकांवरचे वजन आणि गिअरचे प्रमाण. हे पाच आकडे लिहून झाले, की सहावी ओळ, म्हणजे मोटार, आपोआप भरली जाते. हंगाम संपल्यावर मिलचे ओव्हरहॉलिंग चालू असते, तेव्हा पालकांसह, परवानगी घेऊन, गिअर उघडलेले बघायला यावे. फेरे मोजायला टॅकोमीटर आणि करंट बघायला मीटर वर्कशॉपमध्ये आहे. हिशोबाचा कागद तेवढा बरोबर आणावा.